राम राघोबा राणे, परमवीर चक्र: रणगाड्याखालून सुरुंग काढणं नेमकं कसं झालं असेल?

कोकणकडा विचारतात:

शाळेच्या प्रदर्शनासाठी सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांच्यावर चार फलक आणि एक मॉडेल करायचं आहे. साधारण चार फूट बाय अडीच फुटाचा घाटरस्ता, त्यावर एक रणगाडा, त्याच्या पोटाखाली राणे आणि हातात दोऱ्या, असं डोक्यात आहे. पण वाचायला बसलं की सगळीकडे तीच चार वाक्यं सापडतात: जखमी असताना सुरुंग काढले, रणगाड्याखाली सरपटत गेले, दोरीने चालकाला इशारे दिले, राजौरी मिळाली. नववीची पोरं यावर शंभर प्रश्न विचारणार.

१. रणगाड्याखाली माणूस मावतो का? मावला तरी चालत्या रणगाड्याखाली काम कसं करणार?
२. "अडथळे दूर केले" म्हणजे हाताने काय काय केलं?
३. पदक, हुद्दा, तारखा यांत लोक कुठे चुकतात? फलक एकदा छापला की दुरुस्त करता येत नाही.

गौरवपर लेखन नको, ते भरपूर आहे. कामाची माहिती हवी.

---

मोरी_आणि_भराव:

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण खरं काम तिथेच आहे. परमवीर चक्राच्या प्रशस्तिपत्रात वेळा दिलेल्या आहेत आणि त्या कुणी फलकावर लावत नाही. त्या अशा:

८ एप्रिल १९४८. जम्मू-काश्मीरमध्ये, नौशेरा-राजौरी रस्त्यावर, मैल २६ जवळ. सकाळी ११ वाजता नादपूरच्या दक्षिणेला राण्यांची तुकडी रणगाड्यांपाशी काम सुरू करण्याची वाट पाहत उभी असताना मॉर्टरचा मारा झाला. दोघे ठार, पाच जखमी. जखमींत राणे स्वतः. त्यांनी उरलेल्यांची पुन्हा जुळणी केली आणि काम सुरू केलं. दुपारी साडेचारच्या सुमारास बरवालीची धार आपल्या हातात आली (४ डोग्रा या पलटणीचा हल्ला). शत्रू अजून आसपास होताच, तरी ते तुकडी पुढे घेऊन गेले आणि रणगाड्यांसाठी बगलरस्ता काढायला घेतला. रात्री १० पर्यंत.

९ एप्रिल. सकाळी ६ ते दुपारी ३ तोच बगलरस्ता पूर्ण केला. ताफा हलला, राणे सर्वांत पुढच्या कॅरिअरमध्ये (पट्ट्यांवर चालणारी छोटी गाडी). अर्ध्या मैलावर चीडाची झाडं पाडून केलेला अडथळा, स्फोटाने उडवला. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. संध्याकाळी ५ च्या सुमारास उडवलेली मोरी. तिथे मशीनगनचा मारा चालू असताना वळसा काढला. सव्वासहाला, उजेड जात असताना, पाच मोठी झाडं, भोवती सुरुंग आणि वरून मशीनगन. राणे काढायला लागले होते, पण ताफ्याच्या कमांडरने रात्रीपुरतं थांबायचं ठरवलं.

१० एप्रिल. पहाटे पावणेपाचला तोच अडथळा, रणगाड्यांच्या एका ट्रूपच्या (छोट्या तुकडीच्या) आधाराने. साडेसहाला मोकळा. पुढचे हजार यार्ड म्हणजे अडथळे आणि उडवलेले भराव. साडेदहाला तेही झाले. रणगाडे रस्ता सोडून तावी नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी २ ला राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोचले. राणे मात्र रस्त्यावरच राहिले, रात्री ९ पर्यंत, न जेवता.

११ एप्रिल. सकाळी ६ ला सुरुवात, ११ वाजता चिंगसपर्यंत रस्ता खुला. त्यानंतर रात्री १० पर्यंत पुढचा रस्ता.

बेरीज केली तर पहिल्या मॉर्टर माऱ्यापासून शेवटच्या रात्रीपर्यंतच्या ८३ तासांतले साधारण ५५ तास काम. तेही जखमी माणसाचं. माझ्या मते तुमचा मुख्य फलक हाच असावा: चार दिवसांची आडवी पट्टी, कामाचे तास रंगवलेले. दोरीपेक्षा ही पट्टी पाहून पोरं जास्त गप्प बसतील.

आता १० तारखेच्या दुपारकडे नीट बघा. रणगाडे नदीतून निघून गेले, मग राणे मागे रस्त्यावर का राबत होते? कारण रणगाडा दगडगोट्यांतून जातो. दारूगोळा, डिझेल-पेट्रोल आणि शिधा वाहणारी लॉरी जात नाही. रणगाडे चिंगसला पोचणं ही बातमी झाली. लॉऱ्या पोचल्या नाहीत तर ते रणगाडे तिथे अडकून पडणार. प्रशस्तिपत्रात "प्रशासकीय ताफ्यासाठी रस्ता" असा रुक्ष उल्लेख येतो आणि वाचणारे तिथून घाईने पुढे जातात.

---

टोचणी:

वरच्या वेळापत्रकाला हाताच्या कामाची जोड देतो. हे त्या काळातल्या सॅपरच्या (लष्करातल्या इंजिनिअर दलाच्या जवानाच्या) सर्वसाधारण पद्धतीबद्दल आहे.

सुरुंग शोधायचे तीन मार्ग: डोळा, यंत्र, टोचणी. यंत्र (पोलिश रचनेचा शोधक, १९४२ च्या अल अलामीनपासून प्रसिद्ध) साधारण १४ किलोचं, उभ्याने वापरायचं, आणि ते धातू शोधतं. मशीनगनच्या माऱ्यात उभं राहणं शक्य नाही. शिवाय मॉर्टरचे तुकडे सांडलेल्या रस्त्यावर ते पावलापावलाला कुरकुरतं. मग उरतात डोळा आणि टोचणी.

टोचायची पद्धत अशी. पालथं पडायचं. संगीन किंवा टोकदार सळई जमिनीशी ३० अंशांच्या आसपास तिरकी धरायची आणि हळू दाबायची. तिरकी एवढ्यासाठी की टोक सुरुंगाच्या बाजूला लागावं. सरळ वरून खुपसली तर ती दाबपट्टीवरच बसते. दोन टोच्यांमधलं अंतर साधारण ५ सेंमी. टोक अडलं की थांबायचं, बोटांनी बाजूची माती काढायची, कड दिसली की भोवताली मोकळं करायचं. लगेच उचलायचं नाही. खाली किंवा बाजूला दुसरा सापळा असू शकतो. शक्य असेल तर आकड्याला दोरी बांधून आडोशाला जायचं आणि तिथून ओढायचं. ते जमणार नसेल तर जागेवर उडवायचं. मोकळी झालेली पट्टी पांढऱ्या फितीने दाखवायची.

आता गणित. ५ सेंमी अंतराने टोचलं तर एका चौरस मीटरला ४०० टोचे. हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर. रस्ता तीन मीटर रुंद धरला तरी जवळजवळ ११ लाख टोचे होतात. १० तारखेला ते हजार यार्ड साडेसहा ते साडेदहा, चार तासांत झाले. म्हणजे सगळा रस्ता टोचत जाणं शक्यच नव्हतं. कुठे टोचायचं हे आधी डोळ्याने ठरवावं लागतं आणि अनुभवी सॅपरची किंमत तिथे कळते. बघायचं काय: नुकती हललेली माती, आजूबाजूपेक्षा वेगळ्या रंगाचा ठिगळासारखा तुकडा, कोमेजलेलं गवत, उगाच रचलेले दगड. आणि सर्वांत महत्त्वाचं, शत्रूच्या डोक्याने विचार करणं. झाड आडवं पडलंय. गाडी कुठल्या बाजूने वळसा घेईल? सुरुंग तिथे. झाड ओढायला माणसं कुठे उभी राहतील? तिथेही.

रणगाडाविरोधी सुरुंगाला उडायला साधारण १०० ते २०० किलोचा दाब लागतो. माणूस वरून गेला तर तो सहसा उडत नाही. पण त्यात माणसासाठीचे सुरुंग मिसळलेले असतील तर हा हिशेब उपयोगाचा नाही, म्हणून कुणी त्या भरवशावर चालत नाही.

---

कोकणकडा:

दोघांनाही धन्यवाद. मग झाडं हाताने का ओढली नाहीत? पाचच तर होती. आणि पहिला प्रश्न राहिला: रणगाड्याखाली जागा किती?

---

टोचणी:

झाडांचं सांगतो. पाडताना ती रस्त्यावर एकमेकांत अडकतील अशी पाडलेली असतात, बुंधा डोंगराच्या बाजूला आणि शेंडा दरीकडे किंवा उलट. करवत लावायला माणूस तिथे बराच वेळ उभा राहणार, आणि अशी जागा शत्रूने आधीच निशाणावर धरलेली असते. अडथळ्याचा उपयोगच तो: गाडी थांबावी, माणसं खाली उतरावीत, मग मारा करावा. त्यामुळे आधी भोवतालचे सुरुंग काढायचे, मग सुरुंगाची दारू बुंध्याला घट्ट चिकटवून बांधायची. मधे फट राहिली की ताकद हवेत जाते आणि झाड नुसतं सोलून निघतं. उडवल्यावर तुकडे साखळीने रणगाड्याला बांधून बाजूला ओढता येतात, फक्त साखळी लावण्याआधी त्या तुकड्याखाली पुन्हा बघायचं. घाई केल्यावर नेमकी हीच पायरी सुटते.

---

लोखंडी_पट्टा:

पहिल्या प्रश्नाला मी.

तिथले रणगाडे स्टुअर्ट, म्हणजे हलके. प्रकारानुसार वजन १३ ते १५ टन, लांबी साडेचार ते पावणेपाच मीटर, रुंदी सव्वादोन मीटरच्या आसपास, आत चार माणसं. पोट जमिनीपासून दीड फुटाच्या आतच. काही प्रकारांत त्याहून थोडं कमी. दोन्ही पट्ट्यांच्या मधे दीड मीटरच्या आसपास जागा. म्हणजे पालथा माणूस मावतो, कोपरांवर सरकू शकतो, मान फारशी वर करू शकत नाही. बसता तर येतच नाही. मॉडेलमध्ये बरेच जण राण्यांना गुडघ्यावर बसवतात, ते चूक.

तिथे जायचं कशाला? वरून चिलखत, दोन्ही बाजूंना पट्टे आणि चाकं. मॉर्टरच्या तुकड्यांपासून आणि उतारावरच्या मशीनगनपासून त्या रस्त्यावर दुसरा आडोसा नव्हता. पण तपासायची जमीन पट्ट्यांच्या पुढे असते, पोटाच्या मधोमध नाही. त्यामुळे काम करणारा माणूस रणगाड्याच्या नाकाखाली, डोकं आणि हात पुढे, अशा स्थितीत असणार. मॉडेलमध्ये त्याला मागे ढकलू नका. मागे इंजिन आहे आणि तिथे त्याला काही कामही नाही.

दोरी का? झाकण बंद केलेल्या चालकाला अगदी नाकासमोरची जमीन दिसत नाही. इंजिनाच्या आवाजात ओरडून उपयोग नाही. खाली पडलेल्या माणसाकडे रेडिओ नाही. मग दोन दोऱ्या, एक "थांब", एक "चल". एकाच दोरीने एक झटका, दोन झटके असंही करता आलं असतं, पण दोरी कुठे अडकली की झटके मोजण्यात घोळ होतो आणि इथे घोळ म्हणजे १३ टन अंगावर. दोन स्वतंत्र दोऱ्या हा साधा आणि शहाणपणाचा उपाय आहे.

धोका वळणावर जास्त. स्टुअर्ट वळताना एका बाजूचा पट्टा मंदावतो आणि गाडीचं नाक आडवं सरकतं. मधला माणूस सरळ सरकत राहिला तर पट्टा त्याच्यावर येणार. आणि तो रस्ता तर सापासारखा डोंगराला वेढे घालत जातो.

एक तपशील मॉडेलसाठी. रणगाड्यासाठी पट्ट्यांखालच्या दोन ओळी मोकळ्या झाल्या तरी भागतं; प्रत्येक पट्टा फूटभर रुंद. मागून येणाऱ्या लॉरीच्या चाकांमधलं अंतर वेगळं, तिची चाकं त्या दोन ओळींवरच पडतील असं नाही. म्हणून रस्ता पूर्ण रुंदीने साफ करावा लागतो. मोरी_आणि_भराव यांनी रस्त्यावरच्या ज्या कामाबद्दल लिहिलंय, त्याला वेळ का लागला याचं हे दुसरं कारण.

---

राजपत्र:

एक खडा टाकतो. दोऱ्यांचा प्रसंग प्रशस्तिपत्रात नाही. तिथे "रणगाड्यांजवळ, जोरदार माऱ्यात दिवसभर" इतकंच आहे. दोऱ्यांची हकीकत इतर लेखनातून येते आणि ती सर्वत्र आहे. खोटी आहे असं म्हणत नाही, पण फलकावर "प्रशस्तिपत्रानुसार" असं लिहून तिच्याखाली दोऱ्यांचं चित्र देऊ नका. दोन वेगळे रकाने करा.

शिवाय मॉडेल एकच करणार असाल तर क्षण निवडा. ९ तारखेच्या संध्याकाळी राणे कॅरिअरमध्ये आहेत, रणगाड्याखाली नाहीत. कॅरिअर म्हणजे वरून उघडी, पट्ट्यांवर चालणारी छोटी गाडी. तिला रणगाडा दाखवू नका. ताफ्याच्या सर्वांत पुढे, छप्पर नसलेल्या गाडीत बसून सुरुंगांच्या रस्त्यावर जाणं हे रणगाड्याखाली असण्यापेक्षा कमी धोक्याचं नव्हतं. मला विचाराल तर सव्वासहाचा पाच झाडांचा अडथळा करा. त्यात सगळं येतं: झाडं, सुरुंग, मशीनगन, जाता उजेड.

---

लोखंडी_पट्टा:

रकाने वेगळे करण्याबद्दल सहमत. पण पोरांना रणगाडा हवाच असतो हो. पाच झाडांच्या मागे उभा ठेवा एक.

---

खडकीचा_पूल:

तिसऱ्या प्रश्नातल्या चुका, जशा आठवतील तशा.

वय. "सेकंड लेफ्टनंट" वाचून लोक एकवीस वर्षांचा, नुकता अकादमीतून आलेला पोरगा काढतात. जन्म २६ जून १९१८ चा, म्हणजे त्या एप्रिलमध्ये राणे २९ पूर्ण करून तिशीकडे चाललेले. १० जुलै १९४० ला बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधा सॅपर म्हणून भरती. २६ व्या इन्फंट्री डिव्हिजनच्या २८ फील्ड कंपनीतून ब्रह्मदेशात, आराकान आघाडीवर. बुथिडाँगहून माघार घेताना मागे थांबून साठे नष्ट करण्याच्या कामावर होते. नाईक, हवालदार अशा पायऱ्या चढत १५ डिसेंबर १९४७ ला कमिशन मिळालं आणि ३७ असॉल्ट फील्ड कंपनीत नेमणूक झाली. म्हणजे अधिकारी म्हणून चार महिने जुने, सॅपर म्हणून जवळजवळ आठ वर्षांचे. टोचणी यांनी "कुठे टोचायचं हे डोळ्याने ठरवणं" म्हटलंय ना, तो डोळा या आठ वर्षांतून येतो. चेहरा थोडा रापलेला काढा.

गाव. मूळ गाव कारवारजवळचं चेंडिया. वडील पोलिसांत शिपाई. आज कर्नाटकात, पण तेव्हा तो भाग मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे "कर्नाटकचे की महाराष्ट्राचे" हा वाद फलकावर आणायची गरज नाही. "चेंडिया, कारवार" लिहा, पुरे. कारवारला समुद्रकिनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे.

"मरणोत्तर". ही सगळ्यात जास्त होणारी चूक. परमवीर म्हटलं की हात आपोआप "मरणोत्तर" लिहितो. २१ पैकी १४ मरणोत्तर आहेतही. राणे जिवंत होते, मेजर म्हणून १९६८ मध्ये निवृत्त झाले, ११ जुलै १९९४ ला पुण्यात वारले. १९४७-४८ च्या लढाईतल्या पाच परमवीरांपैकी राणे आणि लान्स नाईक करम सिंग हे दोघे हयात होते. करम सिंग यांची कामगिरी ऑक्टोबर १९४८ ची, म्हणजे कामगिरीच्या तारखेने राणे आधी.

छातीवरचं पदक. १९४८ च्या दृश्यात राण्यांच्या छातीवर परमवीर चक्र काढू नका! ते पदक २६ जानेवारी १९५० ला स्थापन झालं, १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या कामगिरीला लागू करून. राण्यांचं नाव राजपत्रात जून १९५० मध्ये आलं. रस्त्यावर सुरुंग काढताना असं काही पदक असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

खांद्यावरचा तारा. सेकंड लेफ्टनंटला एकच. पण आजचा पाच टोकांचा नको, तो १९५० नंतरचा. त्याआधी ब्रिटिश घाटाचा चार टोकांचा.

तावी. नकाशात जम्मूतून वाहणारी तावी दाखवली की गेला नकाशा. ही 'मनावर तावी' नावाची, राजौरी-नौशेऱ्याकडची वेगळी नदी.

पदक मोठं करून दाखवणार असाल तर: कांस्याचं, गोल, व्यास साधारण ३५ मिमी, मधे भारताची राजमुद्रा, भोवती इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती. मागच्या बाजूला हिंदी-इंग्रजीत नाव आणि मधे दोन कमळं. फीत ३२ मिमी, एकरंगी जांभळी. कडेला पांढरी किंवा केशरी रेघ काढली की ते दुसरंच पदक होतं. रेखाटन सावित्री खानोलकर यांचं. अंदमानातल्या बेटांपैकी एकाला २३ जानेवारी २०२३ ला राण्यांचं नाव दिलं गेलं, हवं तर एका ओळीत.

---

कोकणकडा:

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. पाच झाडांचाच अडथळा करतो, मागे स्टुअर्ट, पुढे कॅरिअर. वेळापत्रकाची पट्टी मुख्य फलकावर. फक्त एक: उडवलेल्या मोरीचा वळसा मॉडेलमध्ये डोंगराच्या बाजूने काढू की दरीच्या?

---

मोरी_आणि_भराव:

डोंगराच्या बाजूने. मोरी असते ओढ्यावर आणि रस्ता ओढा ओलांडतो तिथे डोंगराकडे आत वळलेला असतो. वरच्या अंगाला ओढ्याचं पात्र अरुंद आणि उथळ, त्यामुळे कमी खोदाईत पार होता येतं. दरीच्या बाजूला उतार सुटतो, भराव टिकत नाही आणि पहिलीच जड गाडी कडेसकट खाली जाते. दोन्ही तोंडांना माती कापून रॅम्प करायचा, पात्रात उडवलेल्या मोरीचेच दगड भरायचे. रॅम्प रणगाड्यापुरता करायचा तर तीव्र चालतो, लॉरीसाठी खूप सपाट करावा लागतो आणि तेवढाच लांब. मॉडेलमध्ये लांबच दाखवा. मोरीचा एक तुटका कठडा तसाच उभा ठेवा, म्हणजे इथे काय होतं ते पाहणाऱ्याला कळेल.

---

राजपत्र:

फलकावर "मैल २६" असंच ठेवा. त्याचं कुणीतरी "नौशेरापासून ४२ किमी" करणार, हे ठरलेलं. बरवाली नौशेऱ्याच्या उत्तरेला सुमारे ११ किमीवर आहे, म्हणजे तो मैलाचा आकडा नौशेऱ्यापासून मोजलेला असू शकत नाही.